उगवले नाही, तर चूक कोणाची?

(भाईंदर येथील बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांतून वाचण्यासाठी.)



भाईंदरला शेतकऱ्यांची बैठक घ्यायची म्हटल्यावर आमच्यातलेच काही जण हसले होते. तिथे शेतकरी कुठून आणणार, असे त्यांनी विचारले. आज या खोलीत पाहतो तर निम्मी मंडळी वाशीम, हिंगोली, यवतमाळकडची आहेत. कोणी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिश मारतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी इमारतीवर पहारा करतो. जून लागला की यांच्या पगारातले पैसे गावाकडे जातात, बियाण्याला आणि खताला. उगवण झाली नाही तर जुलैमध्ये पुन्हा जातात. म्हणजे यवतमाळच्या रानात न उगवलेल्या सरकीचा खर्च भाईंदरच्या कारखान्यात फिटतो. मग बैठक इथे घ्यायची नाही तर कुठे? राई, मुर्धे, उत्तनकडचीही चार मंडळी आली आहेत, त्यांचे मुद्दाम स्वागत करतो. त्यांच्याकडे गावठाणे शिल्लक आहेत, जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. पण तो विषय आज नको, आज बियाण्यावर बोलू.

विषय सुचला तो एका थर्माकोलच्या खोक्यावरून. गेल्या महिन्यात आम्ही इथल्या एका कार्यकर्त्याच्या घरी मुक्कामाला होतो. त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर वहिनींनी मासळीवाल्यांनी टाकून दिलेली खोकी, रंगाचे रिकामे डबे असे मांडून भाजीपाला लावला आहे. मेथी, कोथिंबीर, मिरची, भेंडी. गावाकडे परसबाग होती, इथे गच्ची आहे. भेंडी त्यांनी तीन वेळा लावली, तिन्ही वेळा जेमतेम दोन-चार रोपे आली. आम्ही दिसताच त्यांनी विचारले, "भाऊ, तुम्ही तर शेतीचं शिकलेले. मग सांगा, बी खोटं का माती खोटी?"

आम्ही शिकलेल्या माणसाला शोभेल असे हसलो आणि काहीतरी गुळगुळीत बोललो. रात्री झोप आली नाही. जुलैमध्ये कापूसवाला शेतकरी आम्हाला हाच प्रश्न विचारतो आणि त्यालाही आम्ही असेच काहीतरी सांगून वाटेला लावतो. पदवी घेऊन वीस-बावीस वर्षे झाली. बी खोटे का माती खोटी, हे ठरवायला कितीसा खर्च येतो? एक बारदानाचा तुकडा आणि आठ दिवस. सकाळी उठून आम्ही वहिनींकडे जुने गोणपाट मागितले.

त्यांच्याकडे भेंडीची दोन पाकिटे होती. एक दोन वर्षांपूर्वीचे. ते फोडून, तोंड उघडेच ठेवून, स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलेले. दुसरे त्याच महिन्यात आणलेले. दोन्हीतले पन्नास-पन्नास दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, वर दुसरे ओले फडके घातले, गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचे काम वहिनींनी केले. भेंडीला वेळ लागतो, म्हणून दोन आठवडे वाट पाहिली. जुन्या पाकिटातले १२ दाणे उगवले, नव्यातले ३७. म्हणजे जुने शेकडा २४, नवे शेकडा ७४. भेंडीसाठी सरकारने ठरवलेली किमान उगवण शेकडा ६५ आहे. नवे बी पास झाले, जुने नापास.

इथेच थांबलो असतो तर "बी खोटे होते" असे म्हणून मोकळे झालो असतो. पण वहिनींनी आम्हाला थांबू दिले नाही. त्या म्हणाल्या, तिसऱ्या वेळी मी नवंच बी लावलं होतं, वीस दाण्यांतले सहाच आले. ते चौदा गेले कुठे?

मग खोके उपसले. तळाला भोक नव्हते. माती चिकट, तळाशी पाणी साचून आंबूस वास येत होता. बी दोन पेरे खोल गेले होते. ते उकरून पाहिले तर काही दाणे फुगून कुजले होते, काहींना मोड फुटून तो वर येता येता वाकडा होऊन मेला होता. बी जिवंत असते, ते श्वास घेते. पाणी मिळाले की त्याचा श्वास वाढतो आणि त्याला हवा लागते. मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरून गेल्या तर ते गुदमरते. आपल्या काळ्या रानात झड लागली की चिबडात नेमके हेच होते. फरक एवढाच की तिथे खोके पाच एकरांचे असते.

खोक्याला भोके पाडली, माती भुसभुशीत केली, बी रात्रभर भिजवून एका पेरावर लावले. तरी वहिनींच्या मनात एक शंका होतीच. गच्चीवर झाडांना बोअरचे पाणी घालतात आणि ते चवीला मचूळ लागते. त्यांनी आम्हाला न विचारता दोन खोकी केली. एकाला बोअरचे पाणी, दुसऱ्याला नळाचे. बी तेच, माती तीच, वीस-वीस दाणे. आज सकाळी आम्ही जाऊन मोजले. नळाच्या पाण्यावर १५, बोअरच्या पाण्यावर ७.

आम्ही कृषी महाविद्यालयात प्रयोग कसा मांडायचा हे चार वर्षे शिकलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे सारखे ठेवायचे. वहिनींनी ते पुस्तक वाचलेले नाही, पण केले तेच.

गाडीने वसईची खाडी ओलांडताना दोन्ही बाजूंना मिठागरे दिसतात. समुद्राचे पाणी वाफ्यात घ्यायचे, उन्हाने आटवायचे, खाली मीठ उरते. या बाजूच्या जमिनीत आणि पाण्यात ते मीठ असणारच. बी जमिनीतून पाणी शोषून घेते, पण पाण्यात मीठ असले तर मीठ पाण्याला धरून ठेवते. जमीन हाताला ओली लागते, बी मात्र तहानलेले राहते. आता अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या भावांना वेगळे सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे समुद्र नसलेले भाईंदरच आहे. विहिरीला पाणी आहे, पण ते पिकाला घालण्याची सोय नाही. त्या पट्ट्यात पेरणी करताना पावसाच्या गोड्या पाण्याने वरचा थर धुऊन निघाला आहे का, हे पाहिल्याशिवाय घाई करू नये. पहिल्या सरीवर पेरले तर बी त्या खारट थरातच पडते. शिवाय त्या जमिनीत पाऊस पडून ऊन लागले की वर पापडी धरते. कोंब खालून डोके आपटतो आणि मरतो. बी उगवलेले असते, पण आपल्याला दिसत नाही. आपण म्हणतो उगवलेच नाही.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावात एका कंपनीची सरकी उगवली नाही. कंपनीचे नाव घेत नाही, घेण्याचा हक्क आम्ही गमावला आहे. चाळीसेक शेतकरी आमच्याकडे आले. आम्ही दुसऱ्या दिवशी मोर्चा काढला. घोषणा झाल्या, निवेदन दिले, छायाचित्रे आली. आठवड्याने पाहणी करायला समिती आली, तिच्यात विद्यापीठाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी आम्हाला एकच विनंती केली, कोणत्याही शेतात नेऊन तास उकरून दाखवा. आम्ही जवळचे शेत दाखवले. बी चार बोटे खाली होते, वर बोटभर जाड पापडी, आणि पापडीखाली पिवळे पडलेले कोंब. दुसरे शेत, तेच. तिसऱ्यात सरकीला वाळवी आणि मुंग्या लागलेल्या. अहवालात एक ओळ आली: पेरणीची खोली व पावसानंतरची परिस्थिती यांमुळे उगवण कमी. कागद बंद झाला.

त्या चाळिसांत आठ जण असे होते की ज्यांचे बी खरोखरच मेलेले होते. त्यांची जमीन हलकी होती, बी वर पडले होते, पाऊस बेताचा झाला होता. त्यांनी राखून ठेवलेले बी आम्ही नंतर गोणपाटावर टाकले, तेव्हा शंभरात तीस-पस्तीसच मोड आले. पण तोवर उशीर झाला होता. बत्तीस जणांच्या चुकीच्या तक्रारीत आठ जणांची खरी तक्रार बुडाली, आणि ती आम्ही बुडवली. मोर्च्याच्या आधी आठ दिवस गोणपाट ओले केले असते तर त्या आठ घरांना दुबार पेरणीचा खर्च तरी मागता आला असता. त्यांतल्या एकाचा मुलगा आज इथे भाईंदरला कामाला आहे. तो बैठकीला आला आहे की नाही, ते आम्ही पाहिले नाही.

तेव्हा तपासणी कशी करायची, ते नीट ऐका. जेवढे बी पेरणार, त्याच्या पिशवीतून वरचे, मधले, खालचे असे दाणे घ्या. चांगले-चांगले निवडू नका, हाताला येतील तसे घ्या. शंभर मोजा. गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून पिळून घ्या, म्हणजे बुरशी कमी येते. दहा ओळी, ओळीत दहा दाणे, दाण्याला दाणा लागू देऊ नका. गुंडाळी करून सावलीत ठेवा. ओल हवी, पाणी ठिबकायला नको. ज्वारी चौथ्या दिवशी दिसू लागते, दहाव्या दिवशी शेवटची मोजणी करायची. सरकीला बारा दिवस द्या. मेथी-मुळा लवकर उरकतात, मिरची-वांग्याला चौदा दिवस, कोथिंबिरीला आणि भेंडीला तीन आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. घाई करून सहाव्या दिवशी कोथिंबिरीचे बी फेकून देणारे आम्ही खूप पाहिले आहेत.

मोजताना मन घट्ट करा. नुसता मोड फुटला म्हणजे उगवले असे नाही. मूळ आणि कोंब दोन्ही धड, सरळ असतील तोच दाणा धरायचा. तुटका, काचेसारखा, बुरशीने खाल्लेला दाणा सोडून द्यायचा. आणि एकदा शंभर दाणे मोजून भांडायला जाऊ नका. सरकारी प्रयोगशाळा चारशे दाणे तपासते. शंभरात ६२ आले आणि मानक ६५ असेल तर तो नशिबाचा फरक असू शकतो. चार वेळा शंभर-शंभर लावा. चारही वेळा पन्नासच्या खाली आले, तर मात्र मूठ आवळायला हरकत नाही.

मानके पाठ करून ठेवा: ज्वारी ७५, संकरित व बीटी कापूस ७५, सरळ वाणाचा कापूस ६५, सोयाबीन ७०, टोमॅटो, वांगी आणि कांदा ७०, भेंडी आणि धने ६५, मिरची ६०. यातली मेख अशी की हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथे उष्णता, ओल, हवा सारे बेताचे असते. पिशवीवर ७५ लिहिले आहे म्हणजे तुमच्या रानात ७५ येतील असे कोणीच लिहून दिलेले नाही. बी जिवंत असणे वेगळे आणि त्यात दम असणे वेगळे. म्हणून गोणपाटावर ज्वारी ६० आली तर एकरी चार किलोऐवजी पाच किलो पेरा, हिशेब बसतो. पण ४० आली तर दहा किलो पेरून काही होत नाही. उरलेले चाळीसही मरगळलेलेच असतात. ते बी जनावराला घाला, अर्थात औषध चोळलेले नसेल तर. औषध चोळलेले बी कोंबडीच्याही पुढे टाकू नका.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही. तक्रारींचा पूर आला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कोणाची चूक, यावर पुष्कळ बोलले गेले. त्या बियाण्याच्या कहाणीची सुरुवात मात्र २०२० च्या जूनमध्ये झाली नव्हती. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजले होते. सोयाबीनची साल पातळ. भिजले, वाळले, पुन्हा भिजले, यंत्राने मळताना आपटले, की दाणा वरून धड दिसतो आणि आतून मेलेला असतो. खरिपाच्या संकरित ज्वारीचेही तसेच. कणीस दुधातून चिकात जाताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो. भाकरी काळी होते हे आपल्याला कळते, बी मेले हे कळत नाही. बियाणे उभ्या पिकातच ठरते.

आणि नंतर ठरते साठवणीत. अमेरिकेतल्या हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने एक सोपा हिशेब मांडला होता. बियाण्यातली ओल शेकडा एकने कमी केली की त्याचे आयुष्य दुप्पट होते. साठवणीची उष्णता पाच अंशांनी कमी केली की पुन्हा दुप्पट. हा ठोकताळा साधारण ५ ते १४ टक्के ओलीच्या दरम्यान चालतो. आता भाईंदरची हवा पहा, पावसाळ्यात पापड दोन तासांत मऊ पडतो. पापड मऊ पडतो तसे बीही पडते. वहिनींचे भेंडीचे बी शेगडीच्या उष्णतेत आणि समुद्राच्या दमटपणात दोन वर्षे होते, शेकडा २४ दाणे तरी कसे वाचले याचेच नवल. कांद्याचे बी तर त्याहून नाजूक. एक पावसाळा उघड्यावर काढला की त्याचा भरवसा नाही. वांगी, टोमॅटो, काकडी नीट ठेवले तर तीन-चार वर्षे टिकतात. आपल्या आज्या बी सुकवून, राखेत घालून, गाडग्याचे तोंड शेणाने लिंपून ठेवत. राख ओल शोषते, लिंपण हवा अडवते. हॅरिंग्टन त्यांना माहीत नव्हता, पण हिशेब माहीत होता. आज राख नसेल तर घट्ट झाकणाची बरणी घ्या, तळाशी भाजून गार केलेला तांदूळ घाला, वर कागदात बांधलेले सुके बी ठेवा. बरणी सावलीत, चुलीपासून लांब.

भाजीपाल्याच्या काही खोडी वेगळ्या आहेत, त्या भराभर सांगतो. धना म्हणजे एक बी नव्हे, दोन बिया एका टरफलात असतात. चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाके करा, मग भिजवा. चढत्या उन्हात कोथिंबीर रुसते, तेव्हा बियाण्याला दोष देऊ नका, सावली करा. कारल्याची साल जाड, ओल्या फडक्यात दोन-तीन दिवस उबेला ठेवून मोड आल्यावर लावा. मेथी, राजगिरा यांच्यावर मातीचा नुसता पदर घाला. बियाण्याच्या जाडीच्या दोन-तीन पट, त्याहून खोल नाही. मिरची-वांग्याची रोपे उगवून मग कोलमडत असतील तर तो बुरशीचा रोग आहे, उगवणीचा दोष नव्हे. गादीवाफा करा, पाणी कमी द्या, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा.

कोरडवाहूवाल्यांसाठी एक गोष्ट मात्र सावकाश सांगतो. बी रात्रभर भिजवून, वरची ओल सुकवून पेरणे. ही पद्धत जुनीच, पण वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे डेव्हिड हॅरिस यांनी १९९० च्या दशकात बोट्स्वानात ज्वारीवर आणि आपल्याकडे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशच्या आदिवासी भागात मका, भात, हरभऱ्यावर शेतकऱ्यांबरोबर ती तपासली. भिजवलेले बी लवकर वर येते. कोरडवाहूत वरची ओल दोन-तीन दिवसांत उडून जाते, तेवढ्यात मूळ खाली पोचले तर पीक वाचते. ज्वारी आठ-दहा तास भिजवा, मोड येईपर्यंत नव्हे. सावलीत इतकी सुकवा की चाड्यातून दाणा मोकळा पडला पाहिजे. मग काणीसाठी ३०० मेशचे गंधक किलोला चार ग्रॅम चोळा. सगळ्या रानात एकदम करू नका. चार तासे भिजवलेल्याची, चार तासे कोरड्याची. कोणते बरे, ते आम्हाला येऊन सांगा. कंपनीचे औषध लावलेली सरकी मात्र भिजवू नका, औषध धुऊन जाते आणि पाणी विषारी होते.

आता कागदाचे. १९६६ मध्ये बियाणे कायदा आला, १९६८ मध्ये नियम झाले, १९८३ मध्ये बियाणे नियंत्रण आदेश निघाला. त्यानुसार पिशवीवर लॉट क्रमांक, उगवण, शुद्धता, तपासणीची तारीख, कुठवर वापरायचे ती तारीख हे सारे असावे लागते. निळे लेबल प्रमाणित बियाण्याचे, हिरवे सत्यप्रत बियाण्याचे. हिरवे म्हणजे सरकारने तपासले नाही, विकणाऱ्याने स्वतः लिहून दिले आहे. तो शब्द त्याला बांधतो, पण आपल्या हातात लेबल असेल तरच. २०२४ च्या हंगामात बीजी-२ कापसाच्या ४७५ ग्रॅम पाकिटाचा कमाल दर ८६४ रुपये होता. कोणी जास्त घेतो, कोणी बिल देत नाही, कोणी रात्री बिनलेबलचे पाकीट आणून देतो. बिनबिलाचे घ्यायचे की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे. पण ते उगवले नाही तर आमच्याकडे येऊन उपयोग नाही. कोणाकडेच जाऊन उपयोग नाही.

बिल, रिकामी पिशवी, लेबल आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवण नाही असे दिसताच रान मोडू नका. आधी तास उकरा, बी कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा, दोन शेजारी साक्षीला घ्या. लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्या, म्हणजे समितीचा पंचनामा होतो. सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणीला आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात निकाल दिला की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. तपासणीसाठी बी राखून ठेवले नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, असेही सांगितले. शेतकरी आणलेले सारे बी पेरून टाकतो, हे न्यायालयाला समजले. तरीही मूठभर ठेवाच. न्यायालय दिल्लीला आहे आणि समिती तुमच्या बांधावर येते.

बाहेर दाराशी गोणपाटाचे तुकडे कापून ठेवले आहेत, वहिनींनी कापले आहेत. प्रत्येकाने एक न्या. भाईंदरच्या मंडळींनी डब्यात उरलेल्या मेथीपासून सुरुवात करावी, गावाकडे जाणाऱ्यांनी घरच्या ज्वारीचे शंभर दाणे मोजावे. पुढच्या बैठकीला येताना आकडा कागदावर लिहून आणा, पाणी कोणते वापरले तेही लिहा. राई-मुर्ध्याच्या मंडळींनी विहिरीच्या आणि नळाच्या, दोन्ही पाण्यांवर लावावे. वहिनींची मिरची अजून गोणपाटात आहे, आज नववा दिवस.